पुण्णा : आपण न निवडलेले नाव

परळीत आमच्या वस्तीत गेल्या पावसाळ्यात एका मुलीचे नाव पुण्णा ठेवण्यात आले. आईबाप दोघेही शिकलेले. नाव मी सुचविले होते, त्यामुळे पुढे जी कुजबुज झाली तिचे खापरही माझ्याच डोक्यावर फुटले. नाव घेणाऱ्या आत्याची जीभ अडखळली, बाया हसल्या, हे समजू शकते. पण आमच्याच चळवळीतल्या एका कार्यकर्त्याने बाजूला घेऊन विचारले, "सर, आपल्याकडे यशोधरा आहे, महामाया आहे, संघमित्रा आहे. मोलकरणीचे नाव कशाला काढलंत?" हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. तो एकट्या त्या कार्यकर्त्याचा नाही.

थेरीगाथेत सोळा गाथांचा एकच निपात आहे आणि तो सबंध पुण्णेचा आहे. ही अनाथपिंडिकाच्या घरची दासी. दासीच्या पोटी जन्मलेली. धम्मपालाच्या अट्ठकथेत तिच्या नावाचा उगम सांगितला आहे. तिच्या जन्माने त्या घरातल्या दासांच्या मुलांची संख्या शंभर भरली, म्हणून ती पुण्णा, म्हणजे पूर्णा. या अर्थावर जरा थांबले पाहिजे. मुलीचा चेहरा, तिचा जन्मदिवस, आईची हौस यांपैकी कशाचाही या नावाशी संबंध नाही. धन्याच्या मालमत्तेची मोजणी पुरी झाली, एवढाच त्याचा अर्थ. गोठ्यातली शंभरावी गाय मोजावी तशी ती मोजली गेली आणि तीच मोजणी तिच्या नावाला चिकटली.

आमच्या आज्यांना हे नवे नव्हते. धोंडाबाई, दगडाबाई, केराबाई, कचराबाई, नकुशी ही नावे मराठवाड्याच्या कोणत्याही गावात सापडत. अशी नावे इतर जातींतही होती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मुले जगत नसत, तेव्हा मृत्यूला किळस यावी म्हणून मुलाला कचरू आणि मुलीला धोंडी म्हणत. पण फरक हाकेत होता. पाटलाच्या वाड्यातली धोंडाबाई गावाला धोंडाबाईच असे. आमची धोंडी म्हातारी होऊन मेली तरी धोंडीच राही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचे नाव मंगल, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे जुगुप्सित असावे असा दंडक आहे. तिसऱ्या अध्यायात कोणत्या नावाची मुलगी करू नये याची यादी येते. नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी, सर्प यांच्या नावांची नको. अंत्यजाच्या आणि सेवकाच्या नावाची नको. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला हा ग्रंथ जाळला गेला, पण गावाच्या जिभेवरचा मनू त्यानंतरही बरीच वर्षे हाका मारीत राहिला.

1956 च्या धम्मदीक्षेनंतर नावे बदलली. हा बदल फार मोठा होता आणि त्याची नोंद आपल्या समीक्षेने नीट घेतलेली नाही. कवितेत विद्रोह येण्याआधी तो बारशात आला. ज्या बाईला अक्षर येत नव्हते तिने नातीचे नाव संघमित्रा ठेवले आणि ते तिला धड उच्चारता येत नसताना ठेवले. बाबासाहेबांचा 'अवे फ्रॉम द हिंदूज' हा निबंध त्यांच्या मागे, 1989 साली, शासनाच्या ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात आला. नावाने काय होते, असे म्हणणाऱ्यांना त्यात त्यांनी उत्तर दिले आहे. समाजाच्या व्यवहारात नाव हे प्रतीक असते आणि जे नाव ऐकताच समोरचा मनुष्य मागे सरतो, ते टाकल्यावाचून गत्यंतर नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. मराठवाड्याला तर हे शिकविण्याची गरज नाही. 27 जुलै 1978 रोजी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि त्या एका नावासाठी आमच्या वस्त्या जाळण्यात आल्या. 14 जानेवारी 1994 रोजी मिळाला तो नामविस्तार. नाव ही किरकोळ गोष्ट असती तर एवढी घरे जळली नसती.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. 1956 नंतर आपण कोणती नावे निवडली? यशोधरा राजाची सून, महामाया राणी, संघमित्रा सम्राटाची कन्या, विशाखा श्रेष्ठीची मुलगी, आम्रपाली वैशालीचे ऐश्वर्य. आणि सुजाता. उरुवेलेच्या सेनानी नावाच्या जमीनदाराची ही लेक. तिने गौतमाला खीर दिली आणि तिचे नाव आमच्या गल्लीगल्लीत पोचले. पण निदानकथा उघडून पाहावी. झाडाखाली बसलेला गौतम प्रथम सुजाताने पाहिलेला नाही. जागा झाडायला पुढे पाठविलेल्या तिच्या दासीने तो पाहिला आणि धावत येऊन मालकिणीला सांगितले. सुजाता आनंदाने म्हणाली, आजपासून तू माझी थोरली लेक. त्या दासीचे नावही पुण्णाच. ही पुण्णा वेगळी, थेरीगाथेतली वेगळी. पण एकीने बोधिसत्त्व प्रथम पाहिला, दुसरीने ब्राह्मणाला धम्म शिकविला आणि आमच्या शाळांच्या हजेरीपटावर दोघीही नाहीत. मालकिणीचे नाव आपण घरी आणले, दासी झाडापाशीच राहिली.

यात दोष कुणाला द्यावा? ज्याला पिढ्यान्पिढ्या केर म्हटले त्याने पहिली संधी मिळताच राजकन्येचे नाव घेतले, तर मी त्याला हसणार नाही. ती त्या काळाची गरज होती. परंतु आज तिसरी-चौथी पिढी आली. आता तरी विचारले पाहिजे की, राजवाड्यातल्याच बाया आपल्या पूर्वज का? आपण तर पाणी भरणाऱ्यांचे वंशज आहोत.

पुण्णा पाणीच भरत होती. ऐन थंडीत, मालकिणीच्या माराच्या आणि बोलांच्या धाकाने ती नदीत उतरे. तिथे एक ब्राह्मण पाप धुण्यासाठी कुडकुडत स्नान करताना तिला दिसला. मी उतरते ती माराच्या भीतीने. तू कशाला भितोस, असे तिने विचारले. पाण्याने पाप जाते, असे तो म्हणाला. त्यावर तिने दिलेले उत्तर भारतीय वाङ्मयातल्या तर्कशुद्ध उत्तरांपैकी एक आहे, असे मी मानतो. तसे असेल तर बेडूक, कासवे, सुसरी आधी स्वर्गात जातील. आणि नदी पाप वाहून नेत असेल तर पुण्यही वाहून नेईल. मग तुझ्यापाशी उरेल काय? ब्राह्मण निरुत्तर होतो, तिला वस्त्र देऊ करतो. ती ते घेत नाही. दान नाकारणारी दासी! आपल्या नकाराच्या साहित्याने आपली वंशावळ शोधताना येथवर यायला हवे होते.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये प्रकृती या चांडालकन्येची कथा घेतली आहे. आनंद तिच्याकडे पाणी मागतो. मी तुझी जात विचारली नाही, पाणी मागितले, असे म्हणतो. चवदार तळ्याच्या माणसाला ही कथा का जवळची वाटली, हे सांगायला नको. मात्र तिथे शहाणपण भिक्षूच्या तोंडी आहे. पुण्णेच्या गाथांत शहाणपण घागरवालीच्या तोंडी आहे.

मी पुण्णेचा भाट नाही. तिच्याच युक्तिवादात, स्नानाने तरून जातील अशा पाप्यांची जी यादी येते, तिच्यात मेंढ्या आणि डुकरे मारणारे, कोळी, पारधी हे चोरांच्या पंगतीला बसविले आहेत. दासीनेही पोटासाठी हलके काम करणाऱ्यांना पापी म्हणावे, हे मला खुपते. दुसरे असे की, ब्राह्मणाला वळविल्यावर अनाथपिंडिकाने तिला मुक्त केले, मग ती संघात गेली. विनयाप्रमाणे दासाला प्रव्रज्या नव्हती. म्हणजे तिच्या ज्ञानाला आधी धन्याची परवानगी लागली. आपल्या अभ्यासकांनी हे झाकू नये.

नाव परके वाटते, हा आक्षेप मात्र मला मान्य नाही. संस्कृत 'पूर्ण'चे पाली 'पुण्ण' झाले. हालाच्या गाथासप्तशतीच्या महाराष्ट्री प्राकृतातही 'पुण्ण'च. आपली आजी पौर्णिमेला 'पुनव' म्हणे, ती याच शब्दाची नात. तेव्हा 'पूर्णा' हे शिष्टांचे रूप आणि 'पुण्णा' हे आपल्या घरचे. महाराष्ट्रीत 'पुण्य'चेही रूप 'पुण्ण'च होते, हीही एक गंमत.

हे सगळे परळीत घडते आहे, म्हणून आणखी एक सांगतो. हे वैजनाथाचे गाव. स्नानाने पाप जाते ही श्रद्धा येथे रोज पाहायला मिळते. 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांखालील हजार मुलांमागे बीड जिल्ह्यात 807 मुली होत्या. राज्यात सर्वांत कमी. पुढच्याच वर्षी बेकायदा गर्भपाताच्या प्रकरणाने परळीचे नाव देशभर झाले. 2011 सालीच सातारा जिल्ह्यात अडीचशेहून अधिक नकुशींची नावे समारंभाने बदलण्यात आली. चांगले झाले. पण नकुशीला निदान नाव होते. येथे ज्या मुलींची मोजणी आली ती आकड्याच्या तुटीत आली; त्यांना बारसेच नव्हते. शंभर भरले म्हणून जिचे नाव पडले तिचे नाव या गावात ठेवताना त्याचा अर्थ पालटतो. येथे भरायची ती धन्याची मोजणी नाही.

त्या मुलीच्या जन्मनोंदीच्या वेळी कारकुनाने 'पुण्णा' खोडून 'पूर्णा' लिहिले. चूक सुधारली, असेच त्याला वाटले असणार. मनूने नदीचे नाव वर्ज्य सांगितले आणि त्याने नदीचेच दिले, एवढे मी बापाला हसत म्हणालो. तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून अर्ज घेऊन गेला. दुरुस्तीचा दाखला अजून यायचा आहे. आजी तोवर तिला पुनी म्हणते.