थेंब गोल झाला म्हणजे बोट वाचली का?

आजची चिकित्सा एखाद्या शोधनिबंधाची नाही, एका चाचणीची आहे. ही चाचणी तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेली असते. पांढऱ्या फायबर बोटीचा निस्तेज झालेला हल, मधोमध चिकटपट्टी. दोन्ही बाजू आधी मशीनने पॉलिश करतात, मग डावीकडे कारनौबा मेण लावतात आणि उजवीकडे सिरॅमिक कोटिंग. पाण्याचा फवारा मारला की उजवीकडचे थेंब मोत्यासारखे गोल दिसतात, डावीकडचे जरा पसरट. शेवटी ग्लॉसमीटरवर दोन आकडे दाखवतात आणि जाहीर करतात: सिरॅमिक जिंकलं.

बोटीशी आपला काय संबंध, असं वाटत असेल तर थोडं थांबा. या एका चाचणीत ज्या चुका आहेत, त्याच पीएच.डी.च्या सिनॉप्सिसमध्येही होतात. फरक एवढाच की तिथे त्या निस्तरायला तुमची तीन-चार वर्षं जातात.

आधी प्रश्न काय आहे ते पाहू

फायबर बोटीचा बाहेरचा थर म्हणजे जेलकोट. हे बहुतेक वेळा रंगद्रव्य घातलेलं पॉलिएस्टर रेझिन असतं, जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. उन्हातले अतिनील किरण आणि पाणी यांमुळे वरचं रेझिन तुटत जातं, रंगद्रव्याचे कण उघडे पडतात आणि बोट हाताला खडूसारखी लागते. चमक परत आणायची तर कंपाउंड लावून तो मेलेला थर घासून काढावा लागतो. म्हणजे चमक परत आणताना दर वेळी त्या अर्ध्या मिलिमीटरमधलं थोडं कमी होतं, आणि ते परत येत नाही.

मग मालकाचा खरा प्रश्न कोणता? ‘आज कोण जास्त चमकतं’ हा नाही. ‘बोट पुन्हा घासायची वेळ किती लांबते’ हा आहे. वरच्या चाचणीत या प्रश्नाला कुणी हातच लावलेला नाही. जे मोजायला सोपं होतं ते मोजलं आणि जे हवं होतं त्याच्या जागी ते ठेवून दिलं. माझा पहिला आणि सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे.

चमक आली कुठून?

ग्लॉसमीटर ठरावीक कोनातून प्रकाश टाकतो आणि आरशासारखा परत आलेला भाग मोजतो. 1.567 अपवर्तनांकाच्या गुळगुळीत काळ्या काचेला 100 हा आकडा दिलेला असतो, बाकी सगळं त्याच्या तुलनेत. आता एक छोटं गणित करा. सरळ पडणाऱ्या प्रकाशासाठी 1.55 अपवर्तनांकाचा गुळगुळीत पृष्ठभाग सुमारे 4.7 टक्के प्रकाश परत पाठवतो आणि 1.45 चा सुमारे 3.4 टक्के. पॉलिएस्टर पहिल्याच्या आसपास येतं, मेण दुसऱ्याच्या. म्हणजे अगदी गुळगुळीत जेलकोटवर मेणाचा थर दिला तर आरशासारखं परावर्तन वाढायला नको, उलट किंचित कमी व्हायला हवं!

तरीही मेण लावल्यावर बोट चमकते, हे आपण डोळ्यांनी पाहतो. कारण मेण ओरखडे आणि खड्डे भरतं. पृष्ठभाग सपाट झाला की प्रकाश इकडेतिकडे विखुरत नाही. पण पॉलिशने तो आधीच सपाट केला असेल तर भरायला उरतं थोडंच. थोडक्यात, शेवटच्या आकड्यातला मोठा वाटा पॉलिशच्या मशीनचा असू शकतो, आणि त्याचं श्रेय बाटली घेऊन जाते.

हे तपासायला काय लागतं? फक्त दोन पट्ट्या जास्त: एक नुसती पॉलिश केलेली, एक अजिबात हात न लावलेली. म्हणजे कंट्रोल. तो नसेल तर ‘मेणाने इतकी चमक वाढवली’ हे वाक्य लिहिताच येत नाही.

थेंबांचं कौतुक

पाण्याचा थेंब पृष्ठभागाशी जो कोन करतो तो संपर्ककोन. थॉमस यंगने 1805 मध्ये त्याचा विचार मांडला, तेव्हापासून हे मोजमाप शास्त्रात पक्कं बसलेलं आहे. भानगड मोजमापात नाही, त्यातून काढलेल्या अर्थात आहे. संपर्ककोन सांगतो की वरच्या काही रेणूंच्या थराला पाणी आवडतं की नाही. खालचा जेलकोट सुरक्षित आहे का, हे तो सांगत नाही. खाऱ्या पाण्याचा गोल थेंब तिथेच बसून वाळला तर मिठाचा डाग ठेवून जातो. थेंब घरंगळून खाली पडतो का, हे जास्त कामाचं, आणि त्यासाठी पुढे सरकणाऱ्या व मागे हटणाऱ्या कडेचे कोन वेगवेगळे मोजावे लागतात. फवारा मारून फोटो काढण्याने ते होत नाही.

अजून एक गोष्ट लक्षात ठेवा. गुळगुळीत पृष्ठभागावर, कितीही चांगलं रसायन वापरलं तरी, पाण्याचा कोन साधारण 120 अंशांच्या पुढे जात नाही. त्याहून बराच मोठा आकडा दिसला तर तिथे बारीक खडबडीतपणा आहे असं समजा. आणि खडबडीतपणा प्रकाशाच्या तरंगलांबीहून बराच बारीक नसेल तर तो चमक मारतो. एकाच कागदावर 150 अंश आणि आरशासारखी चमक असे दोन्ही दावे दिसले, तर दोन्ही एकाच नमुन्यावर मोजलेत का, हे विचारायलाच हवं.

‘9एच’ आणि ‘अतिनील संरक्षण’

9एच हा पेन्सिल कडकपणाच्या चाचणीतला आकडा आहे. ग्राफाइट आणि मातीच्या पेन्सिली ठरावीक कोनात पृष्ठभागावर ढकलायच्या आणि कुठल्या पेन्सिलीने ओरखडा उठतो ते पाहायचं. खनिजांच्या मोह्स मापनातल्या 9 शी, म्हणजे माणकाच्या कडकपणाशी, याचं काही नातं नाही. पण आकडा सारखा असल्यामुळे वाचणाऱ्याच्या डोक्यात ते नातं आपोआप जोडलं जातं, आणि जाहिरातीला तेच हवं असतं.

अतिनील संरक्षणाचा दावा मात्र गंभीरपणे तपासायला हवा, कारण जेलकोटचा खरा शत्रू तोच. शुद्ध सिलिका अतिनील किरणांना जवळपास पारदर्शक असते. म्हणून ‘काचेचा थर’ आपोआप छत्रीचं काम करेल असं धरून चालता येत नाही. किरण शोषणारं रसायन घातलं आहे असं मानू. बीअर-लॅम्बर्टच्या नियमाने शोषण थराच्या जाडीबरोबर वाढतं. समजा एखादा 40 मायक्रॉनचा थर 99 टक्के किरण अडवतो, म्हणजे त्याचं शोषणमूल्य 2. तेच मिश्रण 1 मायक्रॉन जाडीत लावलं तर शोषणमूल्य 0.05 होतं आणि सुमारे 89 टक्के किरण आरपार जातात. आणि हातानं पुसून लावलेले हे थर फार पातळ असतात. म्हणून डेटाशीटवर ‘अतिनील संरक्षण’ दिसलं की पहिला प्रश्न: किती जाडीत?

तासांची वर्षं कशी झाली?

काही कंपन्या प्रयोगशाळेतली जलद चाचणी दाखवतात. नेहमीचा क्रम असा: 8 तास 60 अंशांवर अतिनील दिवे, मग 4 तास 50 अंशांवर पाण्याचं दव, आणि हेच चक्र पुन्हा पुन्हा. दोन नमुन्यांची तुलना करायला ही पद्धत चांगली आहे. पण त्या यंत्रात मीठ नाही, साबण नाही, धक्क्यावरचे टायर हलला घासत नाहीत, पक्ष्यांची विष्ठाही नाही. मेण तर ऊन्हापेक्षा धुण्यापुसण्यानेच जास्त लवकर जातं. त्यामुळे ‘इतके तास म्हणजे इतकी वर्षं’ असा सगळीकडे चालणारा गुणक नसतो. काही जण मिठाच्या फवाऱ्याची चाचणीही जोडतात. ती मुळात धातूच्या गंजासाठी आहे, आणि जेलकोट काही गंजत नाही.

हा विषय आपल्या किनाऱ्याला लावून पाहा. महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. दोन महिने पाऊस खात जमिनीवर, बाकी वर्ष ऊन, मीठ आणि जाळ्यांची घासाघीस. हे वेळापत्रक कुठल्या यंत्रात बसवलंय? इथे एखाद्याला खरंच काम करण्यासारखा विषय आहे.

पाण्याखालच्या भागाचा प्रश्न वेगळाच. तिथे शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून खास रंग लागतो, आणि मेणावर तो नीट धरत नाही. ट्रायब्युटिलटिन असलेल्या रंगांवर 2001 च्या आंतरराष्ट्रीय कराराने बंदी आणली, ती 17 सप्टेंबर 2008 पासून लागू झाली. तिथली निवड चमकेची नाही, सागरी जीवांच्या विषबाधेची आहे.

मग चाचणी पूर्ण टाकाऊ का?

नाही. एकाच हलवर शेजारी-शेजारी पट्ट्या ठेवणं ही तिची चांगली बाजू आहे, कारण दोन्हींना ऊन आणि पाणी जवळजवळ सारखं मिळतं. मेण किंवा कोटिंग निरुपयोगी आहे असंही मी म्हणत नाही. मळ कमी चिकटला, धुणं सोपं झालं, कंपाउंडची पाळी लांबली, तर जेलकोट खरोखर वाचतो. फक्त ते दाखवून द्यावं लागेल.

मी असं मांडेन: सहा बोटी, प्रत्येकीवर चार पट्ट्या (न छेडलेली, नुसती पॉलिश, मेण, सिरॅमिक), आणि पट्ट्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून. चमक 60 अंशांवर, आकडा 70 च्या वर गेला तर 20 अंशांवरही, आणि धुण्याआधी व धुतल्यानंतर अशी दोनदा. जेलकोटची जाडी अल्ट्रासाऊंडच्या मापकाने, कारण फायबरवर चुंबकी मापक चालत नाही. हे सगळं निदान एक पूर्ण हंगाम.

आणि नमुनासंख्या लिहिताना जपा. एका पट्टीवर दहा ठिकाणी मीटर टेकवला तर n दहा होत नाही, एकच राहतो. हर्लबर्टने 1984 मध्ये या प्रकाराला नाव दिलं ‘छद्म-पुनरावृत्ती’ अशा अर्थाचं, आणि व्हायवामध्ये परीक्षक हाच धागा पहिल्यांदा ओढतात. इथे आपला n आहे सहा, कारण बोटी सहा.

आता तुमच्या सिनॉप्सिसचं ‘उद्दिष्टे’ हे पान उघडा. प्रत्येक उद्दिष्टासमोर दोन रकाने करा: मला काय जाणून घ्यायचंय, आणि मी प्रत्यक्षात काय मोजणार आहे. जिथे हे दोन रकाने जुळत नसतील, तिथे मार्गदर्शकांना भेटायच्या आधी पेन्सिलने गोल करून ठेवा.