एका शब्दाची दुरुस्ती

मानवी हक्कांचा जाहीरनामा शिकवायचा म्हणजे त्यातली ३० कलमे घोकून घ्यायची, ही रीत मला मुळीच पसंत नाही. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसला तो संमत झाला. पण त्याआधीचा शब्दांवरचा झगडाच अधिक वाचनीय. पहिल्या कलमाच्या मसुद्यातील इंग्रजी शब्दाचा अर्थ 'सर्व पुरुष' असाही होई. भारताच्या प्रतिनिधी हंसाबाई मेहता अडून बसल्या, आणि तिथे 'सर्व मानव' आले. मराठीला हा पेच नाही, असे आपण म्हणू. 'बाईमाणूस' शब्द आपलाच ना! पण तो वापरतो कशाला? तिने मध्ये बोलू नये म्हणून. एरवी जाहीरनाम्याची भाषा कोर्टाच्या कागदासारखी रुक्षच आहे. तरी पहिले कलम फळ्यावर लिहावे, आणि 'बाईमाणूस' घरात कोण, केव्हा म्हणते, ते मुलामुलींना टिपून आणायला सांगावे.