पाडणं वेगळं, भूल देणं वेगळं

आमच्या खांबला घरी गेलं की खोकल्याच्या औषधाची एखादी बाटली फळीवर असतेच. मागचं लेबल वाचायची मला आता सवय लागली आहे. त्यात बऱ्याचदा ग्वायफेनेसिन असतं. माणसाचा कफ सुटावा म्हणून चमचाभर घेतलं जाणारं हे औषध शिरेतून भरपूर दिलं की ४०० किलोचा घोडा आडवा होतो. मोठ्या जनावरांच्या भूलशास्त्रात ते स्नायू शिथिल करणारं औषध म्हणून वापरतात. या औषधावरचे काही निबंध वाचताना एक गोष्ट मला खटकते, तीच आज सांगतो.

आधी ते काम कसं करतं ते बघू. ग्वायफेनेसिन मज्जातंतू आणि स्नायू जिथे जुळतात तिथे काम करत नाही. ते मज्जारज्जू आणि मेंदूच्या देठातल्या मधल्या चेतापेशींना मंदावतं, म्हणजे ज्या पेशी एका चेतापेशीचा निरोप दुसरीकडे पोचवतात त्यांना. पाय ढिले पडतात, पण नेहमीच्या मात्रेत श्वासपटल बऱ्यापैकी चालू राहतं. हा त्याचा मोठा गुण.

आता हिशोब करा. किलोमागे १०० मिलीग्रॅम धरले तर ४०० किलोच्या घोड्याला ४० ग्रॅम लागतात. ५ टक्क्यांच्या द्रावणात ते ८०० मिली होतं. मग द्रावण दाट का करत नाहीत? कारण दाट द्रावणाने तांबड्या पेशी फुटतात आणि शीर सुजते. गाईबैलांत हा धोका जास्त, म्हणून त्यांच्यासाठी ५ टक्क्यांच्या वर जाऊ नये असं सांगतात.

पण ग्वायफेनेसिन वेदना थांबवत नाही. म्हणूनच ते केटामीन आणि झायलाझीनच्या जोडीने देतात. इथवर कुणाचं दुमत नाही.

खटकतं ते पुढे. अशा मिश्रणाचा अभ्यास करताना जनावर किती मिनिटांत पडलं, किती सहज पडलं, कधी उठलं, याला गुण देतात. हे सगळं स्नायूंचं मोजमाप झालं. त्यानंतर कातडीला चिमटा लावतात आणि जनावराने पाय ओढला नाही, तर लिहितात की वेदनाशमन उत्तम. अहो, पाय ओढण्याची ती प्रतिक्षिप्त क्रियाच या औषधाने दाबलेली आहे! ज्या पट्टीने मोजायचं तीच औषधाने वाकवली, तर आकड्याला काय अर्थ?

हा नुसता शब्दांचा वाद नाही. एकेकाळी घोडे पाडायला नुसतं सक्सिनिलकोलीन वापरत. घोडा निपचित पडे, पण पूर्ण शुद्धीवर असे आणि त्याला सगळं जाणवत असे. आज ती पद्धत क्रूर मानली जाते. न हलणारं जनावर म्हणजे न दुखणारं जनावर, ही चूक आपण एकदा करून बसलो आहोत.

नाडीचे ठोके आणि रक्तदाब मोजा म्हणावं, तर झायलाझीन दोन्हींत ढवळाढवळ करतं. त्यामुळे कुठलंही एक माप पुरेसं नाही. उपाय साधा आहे. प्रोटोकॉल लिहिण्याआधी एक तक्ता करा: डावीकडे प्रत्येक माप, उजवीकडे त्या मापाला हात लावणारं औषध. ग्वायफेनेसिन वगळलेला, केटामीन-झायलाझीनचा गट तुलनेला ठेवा. आणि खरी शस्त्रक्रिया असेल तर लिग्नोकेनने जागा बधिर कराच. आकड्यांसाठी जनावराला दुखू देऊ नये.

गावाकडे दोरखंड लावून बैल आडवा केला की लोक ‘बैल पाडला’ म्हणतात, ‘भूल दिली’ असं कुणी म्हणत नाही. हा फरक बोलीभाषेला कळतो. तुमच्या निष्कर्षाच्या शेवटच्या ओळीतही तो दिसला पाहिजे.