मायानिद्रा आणि जागी बाळंतीण

मळखेड म्हणजे जुनं मान्यखेट, राष्ट्रकूटांची राजधानी. कलबुर्गी जिल्ह्यात, कागिणा नदीच्या काठी. अमोघवर्ष राजा ज्यांना गुरू मानत असे, त्या आचार्य जिनसेनांचं ‘आदिपुराण’ हे नवव्या शतकातलं, याच राजवटीच्या आश्रयाखालचं. आज आपल्या गावोगावच्या पंचकल्याणकात मरुदेवीची सोळा स्वप्नं सांगितली जातात, दिक्कुमारी होऊन पोरी-सुना नाचतात, त्यामागे हा ग्रंथ उभा आहे. म्हणून आईपणाबद्दल आपण काय मानतो हे बघायचं तर तो उघडावा लागतो.

त्यातला गर्भारपणाचा भाग मला फार आवडतो. दिक्कुमारी मरुदेवीची सेवा करतात, ती नुसती पाय चेपण्याची नाही. दिवस भरत आलेल्या त्या बाईला त्या कोडी घालतात, शब्दांचे खेळ खेळतात, आणि ती हुशारीनं उत्तरं देते. पोटुशीला बुद्धी असते, तिच्याशी बोलावं, तिचं मन रमवावं, हे आचार्यांना ठाऊक होतं. आपल्याकडे डोहाळजेवणात फोटो निघतात, ओटी भरते. कोडं कुणी घालत नाही.

मग बाळ जन्मतं आणि गोष्ट फिरते. इंद्राणी प्रसूतिगृहात येते, आईला मायानिद्रेत घालते, तिच्या कुशीत एक मायामयी बाळ ठेवते आणि खरं बाळ मेरूवर अभिषेकाला नेतात. सगळा सोहळा आटोपल्यावर आईला जागं करतात. ती बाळ बघते, हरखते. यात कवीला नावं ठेवायचं कारण नाही. बाळ मेरूवर न्यायचं तर आई जागी ठेवून कसं चालेल? कुठली आई पहिल्या दिवशी बाळ सोडेल? कथेची अडचण कथेनं सोडवली.

माझं भांडण आहे ते आपल्या वाचण्याशी. आईपणाची आपली सर्वांत थोर गोष्ट बाळंतिणीला नेमक्या त्या घटकेला झोपवते, जेव्हा खरी बाळंतीण टक्क जागी असते. रात्री दोनला, अंगावर दूध उतरत नाही म्हणून, टाके दुखतात म्हणून, किंवा काहीच कारण नसताना. ती काय बोलते, हे आपल्या कुठल्याच ग्रंथात नाही, कारण तिथं ती झोपलेली आहे. श्वेतांबर परंपरेत मरुदेवीला निदान रडू तरी दिलंय. ऋषभदेव घर सोडून गेल्यावर रडून रडून तिचे डोळे अंधुक झाले, आणि पुढे मुलाचं वैभव बघताना तिला मोक्ष मिळाला. आपल्या दिगंबर कथेत ते रडणं नाही. मला ते हवं होतं.

आता जाग्या बाळंतिणीबद्दल जे कळलेलं आहे ते सांगते. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस उगाच रडू येणं हे पुष्कळ जणींना होतं आणि दोनेक आठवड्यांत ओसरतं. ते ओसरलं नाही, बाळाकडे बघावंसं वाटेना, भूक मेली, बाळ झोपलं तरी हिला झोप नाही, जीव नकोसा झाला, तर तो आजार आहे. (हजारात एखाद-दुसरीला भ्रम होतात, भलतंसलतं दिसतं-ऐकू येतं. तिथं वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना.) गोव्यात विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळंतिणींचा अभ्यास केला, तो 2002 साली प्रसिद्ध झाला. सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के बायकांना नैराश्य होतं. म्हणजे चौघींत जवळजवळ एक. त्यातल्या बहुतेकींचं मन गरोदरपणातच बिघडलेलं होतं. आणि जोखीम वाढवणाऱ्या गोष्टी कोणत्या, तर गरिबी, नवऱ्याशी बिनसलेलं नातं आणि मुलगी होणं. यात हार्मोन्सचा हिशेब थोडा आणि घरातल्या माणसांचा जास्त आहे. मुलगी झाल्यावर पेढ्यांऐवजी जिलबी वाटणारी घरं आपल्यातच आहेत, हे मी सांगायला नको.

त्या बाईला आपण काय सांगतो? सासूबाई म्हणतात, “आम्ही काय लेकरं काढली नाहीत का? रडायलीस कशाला?” आणि एखादी धर्म शिकलेली काकू म्हणते, असातावेदनीय कर्माचा उदय आहे, समतेनं सोस, आर्तध्यान करू नकोस, त्यानं तिर्यंच गती लागते. म्हणजे दुःख आधीच होतं, त्यात आता दुःख केल्याचं पापही आलं. तत्त्वार्थसूत्रात आर्तध्यानाचे चार प्रकार आहेत: अनिष्टसंयोग, इष्टवियोग, वेदना, निदान. नको ते जवळ, हवं ते दूर, आणि अंगात कळ. सासरी नांदणाऱ्या बाईची अवस्था याहून नेमकी कुणी लिहिली असेल असं मला वाटत नाही. पण ही यादी माणूस ओळखण्यासाठी आहे. आपण तिचा उपयोग तिला गप्प करायला करतो.

दुसरं एक वाक्य कानी पडतं: मानसोपचार वगैरे कशाला, आपल्याकडे आलोचना आहेच की. हा दावा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शिवार्यांची ‘भगवती आराधना’ वाचा. ज्याच्यापुढं मन उघडायचं त्या आचार्याचे गुण तिथे सांगितले आहेत, त्यातला एक आहे अपरिस्रावी. म्हणजे न झिरपणारा. तापल्या लोखंडानं पाणी प्यावं आणि ते पुन्हा बाहेर येऊ नये, तसं ऐकलेलं ज्याच्यातून बाहेर पडत नाही तो. आलोचनेचे दहा दोषही आहेत: लपवून सांगणं, गोंगाटात सांगणं म्हणजे ऐकणाऱ्याला नीट कळू नये, अजाण माणसापुढे सांगणं, दहाजणांना विचारत फिरणं. आजचा समुपदेशक गोपनीयतेची शपथ घेतो ती याहून वेगळी काय?

तरीही एक फरक आहे आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो. आलोचना दोषाची असते. मी चुकले, हे तिचं पहिलं वाक्य. बाळंतपणानंतर मन काळवंडलेली बाई आधीच दिवसभर तेच वाक्य म्हणत असते: मी चुकले, मी वाईट आई आहे. तिला तेच म्हणायला एक पवित्र जागा देणं हा उपचार नव्हे. मानसोपचार सुरू होतो तो, काय झालं ते सांग, इथून. शिवाय ‘भगवती आराधने’त साधूंना सावध करण्यासाठी स्त्रीनिंदेचं लांबलचक प्रकरण आहे. त्याच ग्रंथकारानं पुढं लिहिलंय की हे दोष पुरुषांतही असतात आणि शीलवान स्त्रियांनी तीर्थंकरांना जन्म दिला. प्रवचनात पहिला भाग येतो. दुसऱ्यापर्यंत बहुधा वेळ संपलेली असते.

मानसोपचारालाही मी डोळे मिटून हात जोडणार नाही. नवरा मारतो आणि बाईला ‘विचार बदला’ सांगितलं, तर समतेनं सोस म्हणणाऱ्या काकूत आणि त्यात अंतर उरत नाही. मारहाणीला 2005चा कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहे. तो रस्ता न दाखवणारा समुपदेशक अर्धवट. पण चांगलं काम कसं असतं तेही दिसलेलं आहे. पाकिस्तानात खेड्यांतल्या आरोग्यसेविकांनी बाळंतिणींशी घरी जाऊन बोलायची पद्धत बसवली, 2008 साली तिचे निष्कर्ष आले. तीच पद्धत पुढं गोव्यात गावातल्याच साध्या बायकांना शिकवून वापरली. गोव्यात फरक माफक पडला, पण पडला. डॉक्टरीण लागली नाही. शिकलेली, न झिरपणारी शेजारीण लागली.

आपल्या सीमेवर अडतं ते निराळ्याच जागी. लातूर-सोलापूरकडची मुलगी भालकीत, औरादमध्ये, आळंदला दिलेली. घरात मराठी, तालुक्याच्या दवाखान्यात कन्नड. गुडघा दुखतो हे खुणेनं सांगता येतं. मन दुखतं हे परक्या भाषेत कसं सांगणार, आणि दुभाषा म्हणून सोबत आलेला असतो तो नवरा किंवा नणंद! ग्रंथातला गोंगाटाचा दोष तो हाच. ‘टेली मानस’चा 14416 हा फुकट नंबर 2022पासून आहे, त्यावर भाषा निवडता येते, मराठीसुद्धा. फोन मात्र तिच्या स्वतःच्या हातात हवा, आणि दार लावायला एक खोली.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे राज्य बदललं. आशाताई बाळंतिणीच्या घरी येतात, शेवटची फेरी बेचाळिसाव्या दिवशी. गोव्यात तपासलं तो काळ नेमका हाच, सहावा आठवडा. त्या दिवशी बाळाचं वजन होतं, लसीचं विचारतात, चहा होतो. आई स्वयंपाकघरातून चहा घेऊन येते आणि ठेवून आत जाते. तिला तिथंच बसवून, बाकीच्यांना अंगणात पाठवून, रात्री झोप लागते का गं, एवढं विचारायला पाच मिनिटं लागतात. आशाताईंना जमत नसेल तर आमच्या महिला मंडळातली कुणीही विचारू शकते. कोडी घालणाऱ्या दिक्कुमारी होतोच की आपण दर पंचकल्याणकात.