'सेंट मॅथ्यू पॅशन' : सभागृहातली उपासना

येशूच्या अखेरच्या दिवसांची कथा सांगणारे बाखचे 'सेंट मॅथ्यू पॅशन' मुळात मैफलीसाठी रचलेलेच नाही. ते १७२७ साली लाइपझिगमध्ये पहिल्यांदा गायले गेले असे आता मानतात, आणि तेही गुड फ्रायडेच्या उपासनेत. पूर्वार्ध झाला की प्रवचन, मग उत्तरार्ध. या वसंतात आमच्या शहरातल्या एका हौशी वृंदाने ते सभागृहात सादर केले, तेव्हा प्रवचनाच्या जागी मध्यंतर आणि कॉफी होती. तिकीट काढून आलेल्या श्रोत्यांपुढे या संगीतातली उपासना कितपत उरते? अभंगही तिकीट काढूनच ऐकणाऱ्या आपल्या मंडळींना हा प्रश्न परका वाटू नये.

कीर्तन ऐकलेल्याला याची रचना चटकन उमगेल. एक गायक आख्यान सांगतो. वृंद कधी शिष्य होतो, कधी जमाव. मध्येच कथा थांबते आणि कुणीतरी आपल्या मनाची अवस्था गाते. अधूनमधून येतात ती त्या काळच्या भाविकांना ठाऊक असलेल्या चालींवरची स्तोत्रे. त्यांतली पाच वेळा येणारी एक चाल तर मुळात हास्लरच्या प्रेमगीताची!

प्रयोगाची कमकुवत बाजू म्हणजे आकार. १८२९ साली वीस वर्षांच्या मेंडेल्सनने बर्लिनमध्ये हे काटछाट करून पुन्हा उजेडात आणले ते दीडशेच्या आसपास गायक घेऊन. भव्य वृंदाची प्रथा तिथूनच रुजली. खुद्द बाखने १७३० साली नगरपरिषदेला लिहिताना वृंदामागे किमान बारा, शक्यतो सोळा गायक हवेत असे म्हटले होते. इथे शंभरावर होते. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. दोन वृंदांत वीस मीटर अंतर पडले की सेकंदाचा सतरावा भाग निघून जातो. सुरुवातीच्या गाण्यात एक वृंद हाक देतो आणि दुसरा प्रश्न करतो. ते प्रश्न असे उशिरा पोचून विरून गेले.

पण दोन जागी प्रयोग जिंकला. आपल्यातला एक जण विश्वासघात करणार हे कळल्यावर शिष्य एकामागून एक 'तो मीच का?' अशा अर्थाचे विचारतात. प्रभूला अकरा वेळा हाक येते. त्यावर लगेच स्तोत्र येते आणि अपराध कबूल करते, जणू श्रोत्याच्याच तोंडून. संचालकांनी इथे क्षणभरही न थांबता वृंदाचा आवाज एकदम खाली आणला. सभागृह स्तब्ध झाले. दुसरी जागा क्रुसावरची. येशूच्या बोलण्याभोवती सतत असणारे व्हायोलिनचे वलय त्याच्या शेवटच्या आक्रोशाला नाहीसे होते. ती पोकळी समजायला ख्रिस्ती असावे लागत नाही.

माझ्या मते कसोटी हीच: कलाकार श्रोत्याला नुसता आनंद देतात, की त्यालाही प्रश्न विचारतात? विचारत असतील, तर सभागृहातही उपासना टिकते. तुमच्या गावी हा कार्यक्रम आला तर मुलांना जरूर न्या. शब्दांचे भाषांतर आधी वाचून घ्या. आणि शेवटचा सूर विरल्यावर टाळ्यांची घाई करू नका.