‘सिंहाचा वाटा’ : एक अर्थांतर

वर्ध्याच्या जडणघडणीत जमनालाल बजाज यांचा ‘सिंहाचा वाटा’ आहे, या विधानातील विसंगती आता कोणास जाणवत नाही. इंग्रजीतून आलेल्या या वाक्प्रचाराचे मूळ इसापाच्या कथेत आहे. तेथे सिंह सर्वांनी मिळून केलेल्या शिकारीचे सगळे वाटे बळाने घेतो. इंग्रजीत हा अर्थ ‘सर्वांत मोठा हिस्सा’ इतका सौम्य झाला. मराठीत मात्र सिंह चक्क देणारा झाला. हे अज्ञानातून घडले असे म्हणणे उथळपणाचे ठरेल. सेतुबंधाच्या कथेवरून आलेला ‘खारीचा वाटा’ मराठीत रुजलेला आहे. तो मिळत नाही, उचलावा लागतो. परक्या सिंहाने या खारीचाच अर्थ घेतला असावा. आंग्लाळलेपणाचा शिक्का मारून मोकळ्या होणाऱ्या शुद्धिवाद्यांना ही घडामोड दिसत नाही.

तथापि, बजाजांच्या संदर्भात हा गौरव अडचणीचा आहे. १९३६ साली गांधीजी ज्या सेगावात (पुढचे सेवाग्राम) राहावयास गेले, त्याचा बराच भाग बजाजांच्या मालगुजारीत होता. गांधीजींच्या विश्वस्त-कल्पनेनुसार धनिकाजवळील संपत्ती मुळात समाजाची असते. म्हणजे शिकार कोणाची, हा इसापाचा प्रश्न तेथे जिवंत आहे. मराठी वाक्प्रचार देणारा सिंह पुढे करून नेमका तोच पुसून टाकतो.