कोष्टकात न दिसणारे वजन

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ब्यूरोने ठरवलेले ‘आयएस १०५००’ हे मानक बहुतेक विज्ञान-शिक्षकांच्या परिचयाचे आहे. विद्यार्थी त्यातील कोष्टक प्रकल्पवहीत उतरवून घेतात, शेजारी पाण्याच्या तपासणीचे आकडे लिहितात आणि ‘मर्यादेच्या आत’ असा निष्कर्ष काढतात. पाणीपुरवठा करणाऱ्या यंत्रणेला असे मानक हवेच, याबद्दल दुमत नाही. पण शिकवण्याचे साधन म्हणून ते कितपत पुरते, हे तपासायला हवे. आमचा आक्षेप थोडक्यात असा : हे कोष्टक पाण्याविषयी बोलते, पिणाऱ्याविषयी बोलत नाही, आणि सूक्ष्म मूलद्रव्यांच्या बाबतीत पिणाऱ्याचे वजन हा हिशेबाचा निम्मा भाग असतो.

हा प्रश्न कोठे महत्त्वाचा ठरतो, याचे चांगले उदाहरण म्हणजे शहाड. कल्याणहून कसाऱ्याकडे निघालेल्या लोकलचे हे पहिले स्थानक. उल्हास नदीवरील या गावाची ओळख दुहेरी आहे. एकीकडे रेयॉनचा कारखाना, तर दुसरीकडे ठाणे, भिवंडी आणि मीरा-भाईंदरला पाणी पुरवणाऱ्या शहाड-टेमघर योजनेचा उपसा. जवळच मोहने येथे नॅशनल रेयॉनचा कारखाना होता. तो २००९ साली बंद पडला. थोड्या अंतरावर काळू नदी उल्हासला मिळते. आंबिवली परिसरात काळू नदीत पारा आढळल्याचे मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील संशोधकांनी १९८० च्या आसपास नोंदवले होते. उद्योग आणि पिण्याचे पाणी जेथे इतके शेजारी असतात, तेथील विद्यार्थ्याला मर्यादेचा अर्थ कळणे ही चैन नव्हे.

प्रथम कॅडमियम घेऊ. मानकातील मर्यादा लिटरला ०.००३ मिलिग्रॅम, म्हणजे ३ मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडाही ३ च आहे आणि त्यामागचे मूळ गणित उपलब्ध आहे. आयुष्यभर रोज शरीरात गेले तरी चालेल असे कॅडमियमचे प्रमाण दर किलो वजनामागे १ मायक्रोग्रॅम धरले. माणसाचे वजन ६० किलो. एकूण कॅडमियमपैकी पाण्याचा वाटा दहा टक्के, कारण बाकीचे अन्नातून येते. म्हणजे पाण्यातून ६ मायक्रोग्रॅम. रोजचे पाणी २ लिटर. म्हणून लिटरला ३.

आता याच पाण्याचा एक लिटर २० किलो वजनाच्या मुलीला द्या. प्रौढाला दर किलोमागे ०.१ मायक्रोग्रॅम मिळते, तिला ०.१५, म्हणजे दीडपट. १० किलोचे बाळ रोज एक लिटर पाणी पीत असेल, तर त्याला तिप्पट मिळते. ५० किलो वजनाचा हमाल वैशाखात चार लिटर पाणी पितो. त्याच्या वाट्याला जवळजवळ अडीचपट येते. पाणी तेच, अहवाल तोच, पण शरीरावरचा भार चार प्रकारचा. यामुळे ही माणसे लगेच आजारी पडतील असे नाही. मर्यादेत सुरक्षिततेसाठी बरीच जागा ठेवलेली असते. पण ही जागा सर्वांसाठी सारखी नसते, हे कोष्टक सांगत नाही.

शिशाचे गणित निराळे आहे. तेथील लिटरला १० मायक्रोग्रॅम हा आकडा काढताना ५ किलोचे, रोज पाऊण लिटर पाणी घेणारे तान्हे बाळ डोळ्यांसमोर ठेवले होते. गिळलेल्या शिशापैकी लहान मूल जवळजवळ निम्मे शोषून घेते, तर प्रौढ सुमारे दहावा भाग. पुढे २०१० मध्ये शिशाचे ‘चालू शकेल’ असे साप्ताहिक प्रमाणच तज्ज्ञांनी मागे घेतले, कारण मुलांच्या बुद्धीवर परिणाम होणार नाही अशी खालची सीमा सापडेना. तरी कोष्टकात शिसे आणि कॅडमियम एकाच प्रकारच्या चौकटीत बसतात. एका आकड्यामागे तान्हे बाळ आहे आणि दुसऱ्यामागे ६० किलोचा माणूस, याचा वाचकाला पत्ता लागत नाही.

जस्ताची गंमत वेगळीच. व्हिस्कोस रेयॉनचा धागा ज्या आम्लद्रावणात घट्ट होतो, त्यात झिंक सल्फेट वापरतात. पण जस्त हे विष म्हणून शिकवणे चूक ठरेल. ते कमी पडले तर मुलांची वाढ खुंटते, हे डॉ. आनंद प्रसाद यांनी इराण व इजिप्तमधील अभ्यासातून १९६० च्या दशकात दाखवून दिले. जुलाब झालेल्या बालकाला जस्त द्यावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००४ साली केली. मानकातली जस्ताची मर्यादा लिटरला ५ मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा पाणीसाठा नसेल तर १५. ही मर्यादा मुख्यतः चवीवरून आणि पाण्याच्या गढूळपणावरून आली आहे. चार ते आठ वर्षांच्या मुलांसाठी अमेरिकेतील तज्ज्ञांनी २००१ साली सुचवलेली जस्ताची वरची सीमा दिवसाला १२ मिलिग्रॅम आहे. १५ च्या मर्यादेतले एक लिटर पाणीच ती ओलांडते. जेवणातले जस्त वेगळेच. जादा जस्तामुळे तांब्याचे शोषण घटते. मर्यादा पाळली, तरी लहानग्याच्या शरीराचा हिशेब चुकला.

पाऱ्याबाबत तर कोष्टक भलत्याच दाराशी पहारा देते. नदीतला पारा माणसात येतो तो बहुतांशी मासळीतून, मिथाइल पाऱ्याच्या रूपात. त्याचे सह्य प्रमाण आठवड्याला दर किलो वजनामागे १.६ मायक्रोग्रॅम आहे. मासळीत किलोला ०.५ मिलिग्रॅम पारा असेल, तर ५० किलोच्या आईची मर्यादा आठवड्याला १६० ग्रॅम मासळीने गाठली जाते. २० किलोच्या मुलाची अवघ्या ६४ ग्रॅमने. पाण्याचा अहवाल निर्दोष असतानाही हे घडू शकते.

यात कुपोषणाची भर पडते. लोह कमी असलेले शरीर शिसे व कॅडमियम अधिक शोषते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील मुलांपैकी ३६ टक्के कमी वजनाची होती. वजन कमी आणि शोषण जास्त, अशी दोन्ही पारडी एकाच मुलाविरुद्ध झुकतात.

यावर कोणी म्हणेल, प्रत्येकाच्या वजनाप्रमाणे वेगळे पाणी कसे सोडणार? बरोबर आहे, नळाला एकच आकडा लागतो. पण वर्गाला एकाच आकड्यावर थांबण्याचे कारण नाही. १९९१ च्या आवृत्तीत मर्यादा ओलांडल्यास काय होते, हे सांगणारा एक रकाना होता. तो अपुरा होता, तरी ‘का’ हा प्रश्न त्यात जिवंत होता. २०१२ च्या आवृत्तीत तोही राहिला नाही.

तो रकाना शिक्षकांनी परत आणावा आणि त्यात दोनाची भर घालावी : कोणाचे वजन गृहीत धरले, आणि पाण्याचा वाटा किती. मग वर्गात १०, २०, ३५ व ६० किलो अशी चार काल्पनिक माणसे घेऊन भागाकार करून पाहावेत. मुलांची खरी वजने फळ्यावर लिहू नयेत. चिडवाचिडवीला तेवढे पुरते. एका तासिकेत होणारे हे काम आहे. त्यानंतर प्रकल्पवहीत ‘मर्यादेच्या आत’ असे लिहिण्यापूर्वी विद्यार्थी ‘कोणासाठी?’ असे विचारू लागला, तर कोष्टक उतरवण्याचे श्रम कारणी लागले म्हणायचे.